दोरांचं इस्पितळ

राजधानीतून येणाऱ्या वास्तुकारांबद्दल झूराकानचं मत काही बरं नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. चोंग-बुलाकचं जुनं इस्पितळ ज्या कुणी आखलं, त्याने ते बिश्केकमधल्या टेबलाशी बसून, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं आखलं होतं. एक लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या एका टोकाला औषधांची खोली आणि नर्सचं टेबल, दुसऱ्या टोकाला नववी खाट. मध्ये चौसष्ट पावलं. ही पावलं कुठल्याच नकाशावर लिहिलेली नव्हती, पण झूराकान तिथली हेडनर्स होती आणि एकतीस वर्षांत ती सगळी तिच्या गुडघ्यांत जमा झाली होती. नर्सांना बसायला म्हणून चादरींच्या कपाटापुढची दोन हात मोकळी फरशी होती. तिथे त्या उभ्याने चहा प्यायच्या, तोही अर्धा पेला. उरलेला अर्धा कुणीतरी हाक मारली म्हणून तसाच थंड व्हायचा.

त्यामुळे मार्चमध्ये आयजार्कीन नावाची जेमतेम तिशी ओलांडलेली मुलगी नवं इस्पितळ आखायला आली, तेव्हा झूराकानने तिला एक स्टूल दिलं आणि आपल्या कामाला लागली. मुलगी दोन तास फोटो काढेल, मोठ्या डॉक्टरांकडे जेवेल आणि संध्याकाळच्या गाडीने जाईल, असा तिचा हिशेब होता. मुलगी अकरा दिवस राहिली. फोटो काढलेच नाहीत. सकाळपासून ती पेरीझातच्या, म्हणजे सगळ्यात तरुण नर्सच्या, मागे मागे फिरायची. कुठे वाकावं लागतं, कुठलं दार ढुंगणाने ढकलावं लागतं, कुठे ट्रे जमिनीवर ठेवावा लागतो, सगळं एका वहीत उतरवायची. पेरीझातने रशियात कझानला नोकरीसाठी अर्ज केला होता हेही तिला तिसऱ्या दिवशी कळलं. झूराकानला ते कळायला दोन महिने लागले होते.

शेवटच्या दिवशी तिने वही मिटली आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं, "एजे, एक राहिलं. तुम्ही सगळ्या रडायला कुठे जाता?"

"रडायला वेळ कुणाला आहे इथे?" झूराकान म्हणाली.

मुलीने मिटलेली वही पुन्हा उघडली.

"कोळशाच्या खोलीत," झूराकान म्हणाली. "पण तिथून आलं की तोंड काळं होतं, मग सगळ्यांना कळतं."

नव्या नकाशात दक्षिणेकडे एक छोटी खोली होती, डोंगराकडे खिडकी असलेली, आतून कडी लागणारी. तिच्यावर काही नाव लिहिलेलं नव्हतं. ती बघितल्यावर वास्तुकारांबद्दलचं झूराकानचं मत थोडं हललं. पण बाकीच्या नकाशावर तिने नुसतंच बोट फिरवून पाहिलं. "मला कागदावरचं कळत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "या रेघा बघून मला काय समजणार, नवव्या खाटेशी पोचायला किती वेळ लागेल ते?"

"मग जमिनीवर काढू," आयजार्कीन म्हणाली.

आणि म्हणून जूनमधल्या त्या शनिवारी इस्पितळामागच्या कुरणावर दोरांचं इस्पितळ उभं राहिलं. गावातून घरटी एक एक अर्कान, म्हणजे घोड्याच्या केसांचा दोर, आला. खुंट्या ठोकून, दोर ताणून, नकाशात जेवढी भिंत तेवढीच भिंत कुरणावर आखली गेली. दारांच्या जागी दोर तोडून वाट ठेवली. कोठारातल्या दहा लोखंडी खाटा आल्या, औषधांच्या खोलीच्या जागी बाक आला, नर्सचं टेबल आलं. रुग्ण व्हायला माणसं कमी पडली नाहीत. चहा आणि तळलेले बोर्सोक मिळणार म्हटल्यावर अर्धं गाव आजारी पडायला तयार होतं. गंमत म्हणजे एकाही माणसाने दोर ओलांडला नाही. अर्कान ओलांडू नये हे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, त्यामुळे मोकळ्या कुरणात ऐंशी वर्षांची म्हातारी माणसं वळसा घालून, दारातून, पायातले जोडे काढून आत येत होती.

मोठे डॉक्टर तोलोगोन असानोविच कमरेवर हात ठेवून उभे होते. नकाशा त्यांना पसंत होता, सोमवारी बिश्केकमध्ये त्यावर सह्या व्हायच्या होत्या, आणि एकदा सह्या झाल्या की एक रेघही हलणार नव्हती. हा दोरांचा खेळ त्यांनी मुलीचा हट्ट म्हणून चालवून घेतला होता.

पहिल्या पाच मिनिटांतच नकाशा एका ठिकाणी चुकला. सगळ्या रुग्णांनी झोपायच्या आधी उशा उचलून पायथ्याला नेल्या.

"हे काय चाललंय?" तोलोगोन असानोविच म्हणाले. "उशी तिकडे हवी. ऑक्सिजनची नळी तिकडच्या भिंतीला आहे."

"नळी तुम्ही घ्या," चौथ्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला. "दाराकडे पाय करून माणूस एकदाच निघतो. मला अजून घाई नाही."

आयजार्कीनने वहीत नळी समोरच्या भिंतीवर नेली. इतकंच केलं, कुणाला अडाणी म्हटलं नाही की समजावत बसली नाही. झूराकानला वाटलं, जुन्या इस्पितळात हे लोक तीस वर्षं उलटे झोपत होते आणि आपण तीस वर्षं त्यांच्या उशा जागेवर नेऊन ठेवत होतो.

मग मुख्य परीक्षा झाली. झूराकान दाराजवळच्या टेबलाशी बसली. रुग्णांनी आवाज न करता, मनात येईल तेव्हा हात वर करायचा. तो तिला बसल्या जागेवरून दिसायला हवा. तिसऱ्या खाटेचा हात वर गेला, तिने सांगितला. सातव्याचा गेला, सांगितला. अगदी पलीकडच्या टोकाच्या नवव्या खाटेवर एक बाई होती, तिने नुसती बोटं हलवली तरी झूराकानला दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयजार्कीनचा चेहरा उजळला.

"बघा," तोलोगोन असानोविच म्हणाले. "हेच मी कागदावर सांगत होतो. आता चहा घ्या आणि दोर गुंडाळा."

चहा आला. झूराकान पेला हातात धरून तशीच बसली. सगळं छान झालं होतं, पण तिला काहीतरी खटकत होतं. तिने पुन्हा नवव्या खाटेकडे पाहिलं. खाटेच्या पलीकडे कुणाचा तरी कुत्रा गवतात लोळत होता. कुत्र्याच्या पलीकडे रस्ता, रस्त्यावर एक ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवरचा माणूस शिंकला तेही दिसलं.

"मुली," ती म्हणाली, "मला ट्रॅक्टर कसा काय दिसतोय?"

आयजार्कीनने वळून पाहिलं आणि तिच्या हातातला बोर्सोक तसाच राहिला. भिंती. दोराला भिंत म्हणून सगळ्यांनी मान दिला, वळसे घातले, जोडे काढले, पण भिंतीपलीकडचं दिसत नसतं हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गोल, एका खोलीच्या, लोकरीच्या नमद्याच्या घरात ज्यांच्या पिढ्या वाढल्या, जिथे चुलीशी बसलं की घरातला प्रत्येक माणूस समोर असतो, त्या लोकांकडूनच अशी चूक व्हावी. आयजार्कीनही शेवटी आजीच्या अशाच गोल घरात, बोझ-उयमध्येच रांगायला शिकलेली.

"भिंती उभ्या करायला हव्यात," ती म्हणाली. "आत्ता. कशाच्या करायच्या?"

पांघरुणं लावून पाहिली, ती वाऱ्याने अंगावर आली. तेवढ्यात पेरीझात म्हणाली, "चीय आणूया की. सोनुनबुबू-आपांकडे अठरा आहेत, माणसापेक्षा उंच."

चीय म्हणजे काड्यांची उभी चटई, गोल घराच्या लाकडी जाळीला बाहेरून गुंडाळतात ती. सोनुनबुबूसारखी चीय अख्ख्या खोऱ्यात कुणी विणत नव्हतं, आणि लग्नाच्या मांडवाला तिच्याच चटया जायच्या. प्रश्न फक्त मागायला कोण जाणार एवढाच होता. हेडनर्सने जावं हे उघड होतं. पण हेडनर्स त्या घरची पायरी चढत नाही, हेही गावात उघड होतं. का चढत नाही ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सोनुनबुबूचा नवरा जुमादील नवव्या खाटेवर होता. छातीत पाणी झालेलं, घशातून आवाज फुटत नव्हता. भर दुपार होती, बाहेर बर्फ, पेरीझात स्वतःच तापाने आडवी, खाटा भरून कॉरिडॉरमध्येही गाद्या टाकलेल्या, आणि त्या बावीस रुग्णांमागे एकटी झूराकान. ती सलाइनची बाटली कोमट करायला औषधांच्या खोलीत गेली. परत येताना दुसऱ्या खाटेने हाक मारली, तिथे थांबली. पाचव्याने मारली, तिथे थांबली. नवव्या खाटेशी पोचली तेव्हा जुमादील गेलेला होता. त्याचा उजवा हात खाटेबाहेर होता, दाराच्या दिशेने. झूराकानने तो हात उचलला, पांघरुणाखाली ठेवला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून सारखं केलं. नंतर सोनुनबुबू आली तेव्हा तिने सांगितलं, "झोपेतच गेले, एजे." मग ती कोळशाच्या खोलीत गेली. त्यानंतर चाळिसाव्या दिवसाला गेली नाही, वर्षाच्या जेवणालाही गेली नाही. गावाला तो उर्मटपणा वाटला. ज्या घराशी खोटं बोललं त्या घरचं मीठ तिच्या घशाखाली उतरलं नसतं, एवढीच खरी गोष्ट होती.

आणि आता सोमवारी सह्या होणार होत्या. नवव्या खाटेवर पुन्हा कुणीतरी झोपणार होतं, पुढची चाळीस-पन्नास वर्षं कुणी ना कुणी झोपतच राहणार होतं. झूराकान उठली.

सोनुनबुबू अंगणात काड्यांवर लोकर गुंडाळत बसली होती. सदुसष्ट वर्षांची, हाडकुळी, ताठ. झूराकान फाटकातून आत गेली आणि दारातच उभी राहिली.

"उंबऱ्यावर उभी राहू नकोस," सोनुनबुबू मान वर न करता म्हणाली. "आत ये, नाहीतर बाहेर जा."

झूराकान आत आली. बाईने नानचा तुकडा पुढे केला. तो तोंडाला लावल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून झूराकानने लावला. सोळा महिने ज्याला ती घाबरत होती ते मीठ तिच्या जिभेवर आलं.

"एजे, आज हवा छान पडलीय," ती म्हणाली.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय हवंय?"

"चीय. सगळ्या. इस्पितळाच्या भिंतींना."

"भिंतींना विटा मिळेनात का तुमच्या तोलोगोनला?"

झूराकानने सगळं सांगितलं. दोर, हात वर करायची परीक्षा, ट्रॅक्टर. सोनुनबुबू काड्या खाली ठेवून ऐकत होती.

"नवव्या खाटेवर कोण झोपलंय?" तिने विचारलं.

"एक बाई होती. उठून गेली, तिला भाकऱ्या करायच्या होत्या."

"मग मी झोपते," सोनुनबुबू म्हणाली. "गाडी आण. आणि खालची चटई नीट उचल, ती मी माझ्या सुनेसाठी विणलीय."

अठरा चटया आतल्या भिंतींना पुरल्या. बाहेरची बाजू उघडीच राहिली, त्यामुळे कुरणात उभ्या असलेल्या गावकऱ्यांना दहाही खाटा दिसत होत्या. दिसत नव्हत्या त्या फक्त झूराकानला. ती टेबलाशी बसली, तर समोर नुसता काड्यांचा पिवळा कॉरिडॉर आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली पेरीझात.

आयजार्कीनने खूण केली. झूराकान वाट बघत राहिली. पहिल्या दोन खाटांचे हात तिला दारातून दिसले. मग काहीच नाही. लोक आपसांत बोलत होते, कुणीतरी हसत होतं. मग हसणं थांबलं, बोलणंही थांबलं. वाऱ्याने चटया करकरत होत्या तेवढाच आवाज. झूराकानला कळेना काय झालं ते. तिने कॉरिडॉरच्या टोकाला पेरीझातकडे पाहिलं. पेरीझात नवव्या खाटेच्या खोलीकडे टक लावून उभी होती आणि तिने ओठ दातांत धरले होते.

झूराकान उठली. पळाली नाही, नर्सने पळू नये. पण ती चालली ते चालणंही नव्हतं. अडतीस पावलं झाली. चटईच्या कडेने ती आत वळली तेव्हा सोनुनबुबू खाटेवर उताणी पडली होती आणि तिचा उजवा हात खाटेबाहेर लोंबत होता.

"थकला गं हात," ती म्हणाली. "पुष्कळ वेळ धरला होता वर."

झूराकान खाटेशी गुडघ्यांवर बसली. दोन्ही बाजूंना चटया होत्या, लोक लांब होते, हळू बोललं तर कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

"एजे, ते झोपेत नव्हते गेले," ती म्हणाली. "त्यांचा हात असाच बाहेर होता. दाराकडे. मी तो उचलून पांघरुणात घातला, तुम्ही यायच्या आधी. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

झूराकानला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"त्रेचाळीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपले मी," सोनुनबुबू आभाळाकडे बघत म्हणाली. "पाणी दगडासारखं गोठायचं अशा थंडीतसुद्धा उजवा हात पांघरुणाबाहेर. किती भांडले त्यावरून. आणि तू दोन्ही हात आत घालून ठेवले होतेस, पाळण्यातल्या पोरासारखे. बघितल्याबरोबर कळलं, कुणीतरी आवरून ठेवलंय."

"मग विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं? पुन्हा खोटं बोलली असतीस. म्हटलं, स्वतःहून येईल. एवढा वेळ लावशील असं मात्र वाटलं नव्हतं." तिने हात वर घेऊन चोळला. "आधी तुझा राग आला. मग एक दिवस त्या इस्पितळात गेले, औषधाचं निमित्त काढून, आणि ते अंतर चालून मोजलं. चौसष्ट. तेव्हा त्या कॉरिडॉरचा राग आला. बावीस माणसं आणि दोन पाय. तुझ्या जागी मी असते तर मला तरी कुठे पुरलं असतं?"

झूराकान रडली. कोळशाच्या खोलीशिवाय, तोंड काळं न करता, पहिल्यांदाच. सोनुनबुबूने तिला रडू दिलं आणि मग तिच्याच खांद्याचा आधार घेऊन उठली.

बाहेर तोलोगोन असानोविच आणि आयजार्कीन नकाशावर वाकले होते. मुलगी रडवेली झाली होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं, एवढंच ती म्हणत होती.

"तुझ्या लक्षात आलं म्हणूनच तर दोर आले," सोनुनबुबू तिला म्हणाली. "आता मला सांग, घरात चूल कुठे असते?"

"मधोमध, आपा."

"मग हिला दाराशी का बसवलीस, नव्या सुनेसारखी? आल्यागेल्याला बघायचं, उठायचं, बसायचं, आणि घरातलं माणूस मागे मरतंय ते दिसत नाही. मध्ये बसव. आणि खाटा तिच्याभोवती मांड."

"दाराशी कुणी नको?" तोलोगोन असानोविच म्हणाले. "सोनुनबुबू-एजे, आमच्याकडे एका रुग्णामागे सोळा नातेवाईक येतात. सगळे आत घुसतील."

"त्यांना दाराशी चार गाद्या टाक आणि एक समोवर ठेव. चहा मिळाला की आपला माणूस जागचा हलत नाही, हे तुला मी सांगायला हवं? तू स्वतः सकाळपासून हललायस का?"

लोक हसले, डॉक्टरही हसले. मग आयजार्कीनने वहीचं कोरं पान उघडलं आणि भराभर काढायला लागली. टेबल मध्ये. त्याच्याभोवती घोड्याच्या नालेसारख्या खोल्या. टेबलाकडच्या भिंतींना कमरेच्या वर काच.

"आणि पडदा," झूराकान म्हणाली. "पडद्याची दोरी खाटेशी. झाकायचं की नाही ते पडलेल्या माणसाने ठरवावं, आम्ही नाही."

आयजार्कीनने ते लिहून त्याखाली रेघ मारली. पण सगळं बसेना. नाल पुरी व्हायला दोन हात कमी पडत होते.

"ही खोली काढा," तोलोगोन असानोविचनी दक्षिणेच्या त्या छोट्या खोलीवर बोट ठेवलं. "हिला नावसुद्धा नाही. कसली आहे ही?"

आयजार्कीन लाल झाली. झूराकानने मान फिरवली, पण डॉक्टरांनी तिचे सुजलेले डोळे पाहिले. ते त्या खोलीकडे बघत राहिले, मग पुन्हा तिच्याकडे. तेवीस वर्षं ते त्या इस्पितळात होते. कोळशाच्या खोलीतून काळ्या तोंडाने येणाऱ्या बायका त्यांनीही पाहिल्या असणार.

"राहू दे ती," ते म्हणाले. "माझ्या खोलीतून घ्या दोन हात. मला एवढी मोठी खोली कशाला, मी काय तिथे घोडा बांधणार आहे?"

असं म्हणून त्यांनी कोट काढला, खुंटी उपटली आणि दोर उचलला. मग सगळ्यांनीच उचलला. वीस-बावीस माणसं एक अख्खी भिंत उचलून धरत दोन हात डावीकडे सरकली, आयजार्कीनने "बस" म्हटल्यावर थांबली, खुंट्या पुन्हा ठोकल्या गेल्या, आणि मग तशाच बाकीच्या भिंती, चटया आणि खाटा मध्ये आणलेल्या टेबलाभोवती नालेच्या आकारात आल्या. कुणी म्हणालं, आमच्या आजोबांनी असंच उभं घर एका कुरणातून दुसऱ्यात नेलं होतं. विटांचं इस्पितळ हलवायला पन्नास वर्षं लागतात, हे दोन तासांत हललं. झूराकान मधोमध उभी राहून बघत होती आणि तिला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं; इतकं की ते सांगायलाही सुचेना. डोक्यातली चूक जमिनीवर आणून गावभर दाखवायला आणि गावाच्या हाताने दुरुस्त करायला छाती लागते. ती तिने कुठल्या मोठ्या माणसात पाहिली नव्हती. स्वतःत तर नव्हतीच, दुपारपर्यंत.

"झूराकान-एजे," पेरीझात खुंटी ठोकता ठोकता म्हणाली, "हे असं खरंच बांधणार असतील, तर कझानच्या लोकांना जरा थांबायला सांगते मी."

"थांबतील ते. कझान कुठे पळून जात नाही," झूराकान म्हणाली.

टेबलाकडच्या चटया कमरेएवढ्या गुंडाळून खाली केल्या, वर काच आहे असं धरायचं. उन्हं कलायला लागली होती. सगळे आपापल्या खाटांवर गेले, उशा ज्याच्या त्याच्या मर्जीने. सोनुनबुबू पुन्हा नवव्या खाटेवर जाऊन पडली.

चौथ्या खाटेचा हात वर गेला. झूराकान गेली, हात धरला, परत आली. पहिल्या खाटेचा गेला. ती निघाली आणि तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला, गुंडाळलेल्या चटईच्या वर, एक हाडकुळा हात उभा राहिलेला तिला दिसला. ती मध्येच वळली. मोजायचं तिने ठरवलं नव्हतं, पण एकतीस वर्षांच्या सवयीने पाय आपोआप मोजत गेले. सात. आठ. कुणाची हाक आली नाही, आली असती तरी ती थांबली नसती. दहा. अकरा.

हात अजून वरच होता.